रेखा परत येत नाही

रेखा आज कुठे असते, कशी असते, मला माहीत नाही. चिखलीत दोन फोन केले तर कळेल, पण ते करावेत असं इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही. वय झालं की मन मऊ होतं, जुनं सोडून द्यावंसं वाटतं, असं लोक म्हणतात. माझे गुडघे मऊ झालेत, बाकी सगळं जागेवर आहे. मागच्या महिन्यात माझ्या भावाची नात मोबाइलवर बास्केटबॉलची मॅच लावून बसली होती. मॅच थांबवून थांबवून कोणीतरी पडद्यावर बाण काढत होतं, गोल काढत होतं, अमुक टीमचा डिफेन्स इथून फुटतो म्हणून सांगत होतं. पोरगी मला म्हणाली, "आजी, पाह्य, कसं शोधून काढतात." मी म्हटलं, "मले कायले दाखवतं? हेच मी वहीत केलं होतं, अन् त्यापायी तुह्या पणजोबाचं काम गेलं होतं." ती हसली. तिला वाटलं, आजी फेकते आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

चिखलीच्या आमच्या कॉलेजात मुलींची बास्केटबॉलची टीम होती, याचंच तेव्हा गावाला नवल वाटायचं. कोर्ट मुरमाचं. पावसाळ्यात त्यावर गवत यायचं, ते आम्हीच उपटायचो, मग शिपाई फक्कीनं रेघा मारून द्यायचा. एका खांबाच्या रिंगेला जाळी होती, दुसरी रिंग नुसतीच. सलवारवर ढगळ टी-शर्ट घालून आम्ही आठ जणी चार वाजल्यापासून दिवस बुडेपर्यंत पळायचो, आणि कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून गावातले रिकामे पोट्टे बघत उभे असायचे. रेखा कॅप्टन होती. उंच, लांब हातांची, आणि बास्केट फार देखणी टाकायची. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल. तिच्या हातून सुटलेला बॉल हवेत असतानाच कळायचं की आता तो आतच जाणार. तिचे वडील आबासाहेब, दोन गावांत जमीन, बाजारात मोठं अडतीचं दुकान, कॉलेजच्या कमिटीवर वजन. पहिल्या पाच जणींत माझी जागा कधी पक्की, कधी नाही, म्हणून रेखा मला 'ए सहावी' अशी हाक मारायची. माझं नाव करुणा आहे. ते तिला माहीत होतं, एकाच वर्गात होतो आम्ही.

आमचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. दिवसभर गिरणीचा पट्टा फटक फटक वाजायचा, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर, मायच्या पापण्यांवरसुद्धा, पिठाचा पातळ थर असायचा. गिरणी बंद झाली की आपण ओरडून बोलतो आहोत हे घरात एकदम लक्षात यायचं, आणि सगळे गप्प व्हायचे. माझे बाबा बाजारात मापारी होते. काट्यावर पोतं चढलं की ते मोठ्यानं आकडा म्हणायचे. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असं. दिवसभर आकडे ओरडून त्यांचा गळा इतका बसायचा की घरी ते खुणांनीच मीठ मागत. मी सांगते ते दिवस भादव्याचे, मूग-उडदाच्या आवकीचे. बाबांना दुपारचं जेवायलाही उसंत नसायची. माय अंबाडीची भाजी करायची, ज्वारीच्या कण्या घालून रटरट शिजवलेली, वरून लसणाचं कडकडीत तेल. भाजीचा पहिला वाढा बाबांच्या डब्यात जायचा आणि तो बाजारात पोचवायचं काम माझं. त्या भाजीचा वास आला की मला आजही आधी तो बाजार आठवतो, आणि नंतर जे झालं ते.

सीझनची सुरुवात आम्ही घाण केली. विद्यापीठाच्या स्पर्धेच्या आधी आमचे खेळाचे राऊत सर तीन-चार मॅचेस अशाच ठरवायचे, सरावाच्या. पहिली बुलढाण्याच्या टीमशी, आमच्याच कोर्टावर. आम्ही हरलो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उडी मारून खाली येताना माझा पाय मुरडला. घोटा वांग्यासारखा सुजला. दुसऱ्या दिवशी मी लंगडत मैदानावर गेले तर राऊत सरांनी एक चौरेघी वही माझ्या मांडीवर टाकली. "बसूनच हायेस तर काम कर. आपल्यावर बास्केट कुठून पडतात ते लिही. प्रत्येक बास्केट. कोणाच्या जागेतून गेली, काऊन गेली. बुलढाण्याच्या मॅचचंही आठवून लिही. मले स्पर्धेच्या आधी सांग की छिद्र कुठं हाये."

छिद्र कुठे आहे हे मात्र सगळ्यांना आधीच माहीत होतं. मंगल. मंगल आमची मधली खेळाडू, बांध्यानं जाड, पायानं सावकाश. चिखलीपासून एक तासावरच्या खेड्यातून एसटीनं यायची, घरी तीन एकर आणि चार बहिणी. आम्ही झोन खेळायचो, म्हणजे माणूस धरायचा नाही, आपापली जागा राखायची. दोघी पुढे, तिघी मागे. मागच्या तिघींत मधली मंगल, रिंगेच्या अगदी समोर. विरुद्ध टीमची पोरगी बॉल घेऊन घुसायची आणि मंगलच्या नाकासमोर, नाहीतर तिच्या पाठीमागे बास्केट टाकायची. भिंतीवरचे पोट्टे ओरडायचे, "मंगलबाई, झोपल्या काय?" रेखा कमरेवर हात ठेवून मान हलवायची. सर मंगलला बसवायचं म्हणत होते.

दुसरी मॅच खामगावशी होती. त्याच्या आदल्या दिवशी मंगल माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या डब्यात भाकर आणि कोरडं चून, म्हणजे घट्ट झुणका होता, तो डबा तिनं माझ्यापुढे सारला. म्हणाली, "करुणा, तू लिहून राह्यली ना, तर मी नेमकी कुठं चुकते ते फक्त पाह्य. मले कळतच नाई. मी जाग्यावरच असते वं."

म्हणून मी खामगावच्या मॅचमध्ये बॉलकडे बघायचं सोडून दिलं आणि मंगलकडे बघत बसले. करून पाहा कधी, फार अवघड जातं. डोळे आपोआप बॉलमागे धावतात. अर्ध्या मॅचपर्यंत मला एवढंच कळलं की मंगल खरंच जाग्यावर असते, आणि प्रत्येक वेळी बास्केट पडायच्या जरा आधी ती जागा सोडून पुढे येते. का येते? तर समोरून बॉल घेऊन येणारी मोकळी असते म्हणून. ती मोकळी का असते? मग मी मंगलच्याही पुढे बघायला लागले. मलकापूरच्या मॅचला, त्यांच्या गावी, मी प्रत्येक पानावर कोर्ट काढून नेलं आणि विरुद्ध टीमनं अर्धी रेघ ओलांडली की आमच्या पाच जणी त्या क्षणी कुठे आहेत तिथे टिंबं द्यायला लागले. चार टिंबं आमच्या बाजूला. पाचवं पलीकडेच. पानामागून पान, पाचवं पलीकडेच.

रेखा परत येत नव्हती. बास्केट टाकली की ती आत गेली का हे बघत उभी राहायची. गेली तर केस मागे सारायची, नाही गेली तर हातांकडे बघायची. तोवर तिची डावीकडची पुढची जागा मोकळी, तिथून बॉल आत, मंगल धावत पुढे, मंगलच्या मागे पास, आणि बास्केट. पाहणाऱ्याला दिसायची ती मंगलची पाठ. मलकापूरच्या पोरी हुशार, त्यांनी दहा मिनिटांत हे हेरलं. आमच्या कोर्टावर इतके दिवस कोणी हेरलं नव्हतं, कारण रेखाची बास्केट बघण्यात सगळेच तिच्यासारखे उभे असायचे. सरसुद्धा.

मी ते लिहिलं. तिन्ही मॅचेसमधल्या दर तीन बास्केटांपैकी जवळजवळ दोन रेखाच्या मोकळ्या जागेतून गेल्या होत्या. प्रत्येकीपुढे फुली, आणि शेवटी एक वाक्य: रेखा परत येत नाही. बाकी सगळं निळ्या शाईनं लिहिलं होतं, रेखाच्या फुल्या तेवढ्या लाल शाईनं. सरांनी तसं सांगितलं नव्हतं. लाल रिफिल मी मुद्दाम गुजरीतून, म्हणजे रोजच्या बाजारातून आणली. फुली मारताना कागदावर जोर द्यायचे, मागच्या पानावर वळ उठायचे, आणि ते वळ बोटांनी चाचपायला मला बरं वाटायचं. 'ए सहावी'चा सगळा सूड त्यात होता. हे मी आज कबूल करते, तेव्हा कोणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

शनिवारी सरांनी सगळ्यांना खेळाच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे जाजमं, तुटके डंबेल्स आणि एक फळा. त्यांनी वही एकट्यानं वाचली असावी, कारण त्यांचा चेहरा पडलेला होता. मला वाटलं होतं, आता ते बोलतील. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "करुणानं काही पाह्यलं हाये. ती सांगन." आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी फळ्यावर कोर्ट काढलं. दोघी पुढे, तिघी मागे. पाचवं टिंब पलीकडे काढलं. सांगितलं सगळं. शेवटचं वाक्य म्हणायच्या आधीच रेखा उठली.

"हे पलीकडचं टिंब कोण वं?"

"तू."

"नाव घे."

"रेखा," मी म्हटलं. "तू परत येत नाहीस."

"अन् बास्केट कोण टाकते? तू? तीन मॅचीत किती टाकल्या तू?" ती फळ्यापर्यंत आली. तिनं माझ्या हातातून वही घेतली, पानं उलटली, लाल फुल्या बघितल्या. तिचं नाक पांढरं पडलं. मग ती हसली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "तुमच्या लोकायले दोन अक्षरं आली का दुसऱ्याचंच लिहाले बसता."

खोलीत आठ मुली आणि सर. 'तुमच्या लोकायले' म्हणजे कोणाला, हे न कळलेलं तिथे कोणी नव्हतं. मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर, कोर्टाकडे बघत होते, जणू तिथे मॅच चालू होती. मग मी मंगलकडे बघितलं. जिच्यासाठी मी हे शोधलं होतं ती बुटाची नाडी सोडून परत बांधत होती. रेखानं वही माझ्या पायापाशी टाकली. मी ती वाकून उचलली, सुजलेल्या पायावर वाकून, आणि सगळे बघत असताना खोलीबाहेर गेले. मंगलला त्याबद्दल मी पुढे माफ केलं. सरांना नाही.

सोमवारी सरांनी यादी लावली. मंगल पहिल्या पाचांतून बाहेर. रेखा कॅप्टन. माझ्या पायाची सूज उतरत आली होती, तरी मी सहावीची सातवी झाले. सरावात मला कोणी बॉल देईना. मी मोकळी उभी असायची, हात वर, आणि बॉल माझ्या डोक्यावरून दुसरीकडे जायचा. पाण्याच्या माठाशी गेले की बोलणं थांबायचं. एकदा माझ्या बुटात ओला मुरूम भरलेला सापडला. मी तो तिथेच सगळ्यांसमोर रेखाच्या ट्रॅकसूटवर उलटा केला. बाकीच्या ओरडल्या, ती नाही ओरडली. तिनं झटकून ट्रॅकसूट घातला आणि खेळायला गेली.

त्याच आठवड्यात डबा घेऊन बाजारात गेले तर बाबा आबासाहेबांच्या दुकानासमोर, काट्यापाशी उभे होते. मुगाची थप्पी लागली होती. आबासाहेब गादीवर बसून सुपारी कातरत होते. मी जवळ गेले ते त्यांनी बघितलं, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "काय इंगळे, तुही पोट्टी आमच्या पोरीचं माप काढून राह्यली म्हणे?"

बाबांचा गळा बसलेला होता. ते म्हणाले, "खेळातलं हाये साहेब ते. पोरींचं."

"मापं काढाले मी तुले ठेवलं. सगळ्या घरादाराले नाई."

बाबांनी माझ्या हातून डबा घेतला. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांच्या काट्यावर दुसरा मापारी उभा होता. आवकीचा ऐन हंगाम, आणि बाबा सकाळी अकरा वाजता घरी. गिरणीच्या आवाजात, पायरीवर, हात मांडीवर ठेवून बसलेले. मायनं कारण विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं. ती मला म्हणाली, "झालं तुह्या मनासारखं?" आणि भाकरी थापायला लागली. त्या दिवशी ती इतक्या जोरात भाकरी थापत होती की परात नाचत होती.

बाबा रागावतील याची मी वाट बघत राहिले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खूण करून मला बोलावलं. "वही आण."

मी आणली. त्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. चष्मा लावून, एकेक पान उलटून, बोट फुल्यांवरून फिरवत त्यांनी ती अख्खी बघितली. मी सांगत गेले, हे कोर्ट, हे आमचे पाच, ही बास्केट. लाल शाईवर त्यांचं बोट थांबलं. मग ते पहिल्या मॅचच्या पानांवर परत आले.

"ह्या दिवशी तू खेळत होती ना?"

"हो."

"मंग मोजत कोण होतं?"

"नंतर आठवून लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला. बसक्या आवाजात म्हणाले, "आठवणीनं माप होत नाई, बाई. काट्यावर एकजण लागते, बाहेर एकजण लागते. पुन्यांदा मोज."

"बाबा, तुमचं काम गेलं," मी म्हटलं.

"ते गेलं. ते मी पाहीन. हे तू पाह्य. चुकीच्या मापावर काम गेलं असन तर मले वाईट वाटन."

दुसऱ्या दिवशी मी मंगलला एसटी स्टँडवर गाठलं. आमच्यात त्या शनिवारपासून बोलणं नव्हतं. बाकावर बसवून तिला म्हटलं, बुलढाण्याची मॅच पहिल्यापासून आठव, एकेक बास्केट सांग. मंगलची स्मरणशक्ती दांडगी होती. सावकाश, गाडी लागून निघून गेली तरी न उठता, तिनं एकेक सांगितली. मी ताळा करत गेले. आणि तीन ठिकाणी माझं पेन थांबलं. त्या तीन वेळा रेखा परत आली होती. उजवीकडची पुढची जागा मोकळी होती. त्या मॅचला उजवीकडे पुढे मी होते.

"तुले हे माहीत होतं?" मी विचारलं.

"हाव," मंगल म्हणाली. "मले वाटलं, तुलेही माहीत असन."

मी घरी येऊन त्या तीन लाल फुल्या खोडल्या आणि तिथे माझं नाव लिहिलं. निळ्या शाईनं. मग निळी शाई बघून स्वतःचीच लाज वाटली आणि लाल शाईनं परत गिरवलं. बाबांना दाखवलं. ते "हं" म्हणाले. त्या 'हं'मध्ये पुढचं काय करायचं तेही होतं, आणि मला ते अजिबात करायचं नव्हतं.

स्पर्धेला जायच्या आदल्या संध्याकाळी सराव संपल्यावर मी रेखापुढे जाऊन उभी राहिले. सगळ्या होत्या, सरही होते. मी म्हटलं, "वहीत चूक होती. बुलढाण्याच्या मॅचमधल्या तीन बास्केट तुझ्या जागेतून गेल्या असं लिहिलं होतं. त्या माझ्या जागेतून गेल्या."

तिचे डोळे चमकले. "म्हणजे वही खोटी हाये. तूच म्हणते."

"तीन खोट्या होत्या. बाकीच्या खऱ्या आहेत."

"ऐकलं का सर? खोटी हाये म्हणते." ती माझ्या इतकी जवळ आली की तिच्या घामाचा आणि शिकेकाईचा वास आला. "उद्या वही घेऊन बस. सगळ्या पानांवर रेघा मारून ठेव. लाल पेनही आण. पाह्यतेच मी, काय लिहितं ते."

अकोल्याला सकाळच्या गाडीनं गेलो. स्पर्धेतली पहिली मॅच नेमकी मलकापूरशी निघाली, त्याच टीमशी, जिनं आमचं छिद्र दहा मिनिटांत शोधलं होतं. कोर्ट सिमेंटचं, ऊन मी म्हणत होतं. सरांनी मला उतरवलं नाही. मी बाकावर वही उघडून बसले, शेजारी मंगल. पहिल्याच मिनिटाला रेखानं बास्केट टाकली. बॉल रिंगेपर्यंत पोचला नव्हता तोच ती वळली आणि पळत सुटली. आत गेला की नाही हे तिनं बघितलंसुद्धा नाही. मलकापूरची पोरगी सवयीनं डावीकडून आली, आणि तिथे रेखा उभी होती, दोन्ही लांब हात पसरून. पोरगी गांगरली, बॉल बाहेर गेला. रेखानं बाकाकडे मान वळवली आणि ओरडली, "लिही!"

मी टिंब दिलं. आमच्या बाजूला पाचवं.

पुढच्या वेळी परत तसंच. "लिही!" परत. "लिही आता!" पंचांना वाटलं ती त्यांना काही म्हणते आहे, त्यांनी तिला समज दिली. अर्ध्या मॅचपर्यंत तिचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता, सिमेंटवर पडून गुडघा सोललेला, सॉक्समध्ये रक्त. ती बास्केट कमी टाकत होती, कारण पळून पळून तिच्या हातांत जोर उरला नव्हता. पण परत येत होती. माझ्या डोळ्यांत बघत परत येत होती. इतक्या रागानं माझ्याकडे त्याआधी किंवा त्यानंतर कोणी बघितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तिचं एकदा तरी चुकावं असं वाटत होतं. लाल पेनचं टोपण मी काढून ठेवलं होतं. मंगलच्या जागी घेतलेल्या पोरीचे फाउल भरले आणि सरांना मंगलला उतरवावं लागलं. मंगल रिंगेसमोर जाग्यावर उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिच्या पाठीमागे एकही बास्केट पडली नाही. पडणार कशी? तिला पुढे यायचं कारणच उरलं नव्हतं. आम्ही जिंकलो. थोडक्यात, पण जिंकलो.

मॅच संपल्यावर रेखा लंगडत बाकापाशी आली आणि हात पुढे केला. मी वही दिली. तिनं उभ्या उभ्या पानं उलटली. घामाचे थेंब पानांवर पडत होते, टिंबं फुटत होती. लाल शाई कुठेच नव्हती.

"तुह्यासाठी नाई पळली मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

तेवढ्यात राऊत सर आले. त्यांच्याबरोबर अकोल्याच्या कॉलेजचे कोणी सर होते. आमच्या सरांनी वही रेखाच्या हातून घेतली आणि त्यांना दाखवत म्हणाले, "मी सीझनच्या सुरुवातीपासून डिफेन्सचा अभ्यास करवून घेत होतो. कोणाची जागा फुटते, काऊन फुटते. पोरींना समजावून सांगतलं. आज रिझल्ट पाह्यला तुम्ही." ते बराच वेळ बोलत होते. रेखानं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. त्या एका क्षणात आम्हा दोघींना एकाच माणसाबद्दल सारखंच वाटत होतं. मग तिनं मान फिरवली. मीही.

बाबांना आबासाहेबांकडून परत बोलावणं आलं नाही. त्यांनी बाजारातल्या दुसऱ्या टोकाला दोन लहान दुकानांची मापं धरली आणि शेवटपर्यंत तीच केली. मायनं वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं. रेखानं 'तुमच्या लोकायले' हे शब्द कधी परत घेतले नाहीत, आणि मीही कधी मागितलं नाही, कारण मागून मिळालं असतं तर त्याचं मी करणार काय होते?

पुढच्या सीझनला मला पाचांत जागा मिळाली. पुढे दोघी, डावीकडे ती, उजवीकडे मी. आम्ही दोन वर्षं अशा खांद्याला खांदा लावून खेळलो आणि कोर्टाबाहेर एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, वर्गात नाही, गाडीत नाही, कॉलेज सुटताना नाही. आत मात्र बोलावंच लागतं, त्याशिवाय झोन टिकत नाही, बॉल कुठे आहे ते शेजारणीला ओरडून सांगावंच लागतं. 'डावीकडे.' 'मागे.' 'माझी.' 'तुझी.' दोन वर्षांत आम्ही एकमेकींना एवढंच म्हणालो, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.